कापडाची उलटी बाजू

मशरू आणि हिमरू ही दोन कापडांची नावे औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, जुन्या मुस्लिम घरांत अजूनही ऐकू येतात. मशरू या अरबी शब्दाचा अर्थ ‘शरीअतने परवानगी दिलेले’. पुरुषांना शुद्ध रेशीम वर्ज्य आहे. म्हणून विणकरांनी रेशमाचा ताणा आणि सुताचा बाणा घेऊन अशी वीण बसवली की वरच्या बाजूस रेशमाची झळाळी दिसावी आणि अंगाला मात्र सूत लागावे. हिमरूची कथा थोडी निराळी आहे. किनखाब हे सोन्याचांदीच्या जरीचे दरबारी वस्त्र. ज्यांना ते परवडत नव्हते त्यांच्यासाठी सूत आणि रेशीम यांच्या मिश्रणातून तशाच नक्षीचे कापड विणले जाऊ लागले आणि त्याला ‘हमरू’, फारसीत ‘सारखे दिसणारे’, असे नाव पडले, असे सांगतात. मुहम्मद बिन तुघलकाने 1327 च्या सुमारास राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा त्याच्यामागून आलेल्या कारागिरांनी ही विद्या दख्खनमध्ये आणली, अशी विणकर घराण्यांतील परंपरा आहे.

इतिहास येथे दुय्यम आहे. विचार करण्याजोगी आहेत ती ही नावे. पहिले नाव कापडाची आतली बाजू कशी आहे आणि ती तशी का आहे, हे सांगून टाकते. दुसरे नाव उघडपणे कबूल करते की, हे किनखाब नाही, किनखाबासारखे आहे. दोन्ही वस्त्रे विकणाऱ्याला ग्राहकापासून काही लपवावे लागत नव्हते, कारण लपवण्याजोगी गोष्ट नावातच उघड झालेली होती. आज यंत्रमागावर कृत्रिम धाग्याने विणलेली शाल ‘हातमागाची हिमरू’ म्हणून पर्यटकाच्या हाती दिली जाते, तेव्हा जे नाव एका प्रामाणिक नकलेची कबुली होते, तेच फसवणुकीचे पांघरूण बनते.

हा प्रश्न केवळ विणकरांचा नाही. आपल्या समाजात घरच्या घरी चालणारे कलात्मक व्यवसाय झपाट्याने वाढले आहेत. कोणी मेंदी काढते, कोणी अबायावर भरतकाम करते, कोणी निकाहनाम्यासाठी नक्षीदार मखमली वेष्टन बनवते, तर कोणी आयतींच्या सुलेखनाच्या तसबिरी करते. मोबाइलवर छायाचित्र पाठवायचे, मागणी घ्यायची, आठवडाभर खपायचे आणि वस्तू पोचवायची. आमच्या घरातही सुलेखन आणि कशिदाकारीचा असा लहानसा उद्योग काही वर्षे चालू आहे. त्यातून जे शिकायला मिळाले त्याचा मोठा भाग हिशेबाचा किंवा जाहिरातीचा नव्हता. तो एका जुन्या नैतिक प्रश्नाचा होता: ग्राहकाला जे कधीच कळणार नाही, ते त्याला सांगणे माझ्यावर कोठवर बंधनकारक आहे?

धान्याच्या ढिगाची हदीस बहुतेकांना ठाऊक असते. प्रेषित मुहम्मद (स.) मदीनेच्या बाजारात एका ढिगाजवळून जात असता त्यांनी आत हात घातला आणि बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा प्रेषितांनी (स.) विचारले की, मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वरच का ठेवले नाही? फसवणूक करणारा आपल्यापैकी नाही, असेही त्यांनी बजावले. येथे लक्षात घ्यावे की त्या माणसाने पाणी मिसळले नव्हते. पाऊस अल्लाहकडून आला होता. आक्षेप दोषाला नव्हता, दोषाच्या जागेला होता.

पण धान्याच्या ढिगात हात घालता येतो. कलाकुसरीच्या वस्तूत ग्राहकाचा हात कोठपर्यंत जाणार? टाका हाताचा की यंत्राचा, हे दहा ग्राहकांपैकी नऊ जणांना ओळखता येत नाही. तसबिरीतील अक्षरे कलमाने लिहिली की संगणकावरून छापून वर रंगाचा हात फिरवला, हे काचेमागून समजत नाही. मेंदीच्या कोनात काय मिसळले आहे, हे नवरीला हातावर फोड आल्यावरच कळते. नक्षी स्वतःच्या कल्पनेतून आली की कोणाची उचलली, हे तर कोणालाच दिसत नाही. धान्याच्या व्यापाऱ्यापेक्षा कारागिराचे ज्ञान अधिक, म्हणून त्याच्याकडील अमानतही अधिक. सूरह मुतफ्फिफीनमध्ये स्वतः घेताना पुरेपूर मोजून घेणाऱ्या आणि दुसऱ्याला देताना माप मारणाऱ्यांविषयी कठोर इशारा आहे. आपण तो वाचताना डोळ्यांसमोर तराजू आणतो. वास्तविक ‘हे पूर्ण हाताचे काम आहे’ हे वाक्यसुद्धा एक माप आहे आणि तेही मारता येते.

सूरह सबामध्ये हजरत दाऊद (अ.) यांच्याविषयी जे आले आहे ते प्रत्येक कारागिराने आपल्या कामाच्या जागी आठवावे असे आहे. अल्लाहने त्यांच्यासाठी लोखंड मऊ केले आणि त्यांना पूर्ण लांबीची कवचे बनवण्याची व कड्या जोडताना योग्य प्रमाण राखण्याची आज्ञा दिली. हे प्रमाण म्हणजे काय, याचा उलगडा भाष्यकारांनी केला आहे. कडीतील खिळा फार बारीक असला तर तो हलेल आणि फार जाड असला तर कडी फुटेल. एका प्रेषिताला दिलेल्या आज्ञेत खिळ्याच्या जाडीचा विचार यावा, याचे नवल वाटते. तो खिळा कवच घालणाऱ्या सैनिकाला दिसत नाही. पाहणाऱ्याला तर कवच केवळ चमकताना दिसते. खिळ्याची खबर करणाऱ्याला असते आणि करवून घेणाऱ्या अल्लाहला असते. हेच दाऊद (अ.) राजे असूनही हातच्या कमाईवर जगत, असे बुखारीच्या हदीसीत आले आहे.

मागणीनुसार वस्तू बनवून देण्याचा व्यवहार आपल्या फुकहांनी किती बारकाईने तपासला आहे, हे या व्यवसायात पडल्याशिवाय ध्यानात येत नाही. जी वस्तू अस्तित्वात नाही ती विकू नये, हा सर्वसाधारण नियम. मग न लिहिलेल्या तसबिरीचे, न भरलेल्या दुपट्ट्याचे पैसे कसे घ्यावे? हनफी विद्वानांनी लोकांतील रूढ व्यवहार पाहून या प्रकाराला ‘इस्तिस्ना’ म्हणून मान्यता दिली. त्याच्या समर्थनार्थ ते सांगतात की प्रेषितांनी (स.) स्वतः चांदीची अंगठी बनवून घेतली होती आणि मशिदीचे मिंबरही एका सुताराकडून तयार करवून घेतले होते. शाफई मताप्रमाणे मात्र असा व्यवहार ‘सलम’च्या अटींतच बसवावा लागतो, म्हणजे संपूर्ण किंमत आधी चुकती करायची आणि वस्तूचे वर्णन, प्रमाण व मुदत निश्चित करायची. मदीनेतील लोक खजुरांसाठी एकदोन वर्षे आधी पैसे देत, तेव्हा प्रेषितांनी (स.) माप, वजन आणि मुदत ठरलेली असावी, असे सांगितले होते. आपल्याकडे कोकणातील बहुसंख्य मुस्लिम शाफई आणि देशावरील बहुसंख्य हनफी. रत्नागिरीच्या ग्राहकाने सोलापूरच्या कारागिराकडे मागणी नोंदवली, तर बयाना किती घ्यावा, हा निव्वळ सोयीचा विषय राहत नाही.

याहून खोल वाद पुढे आहे. वस्तू तयार झाली आणि ग्राहक म्हणाला, ‘नको’, तर? इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते ग्राहकाने वस्तू पाहिलेली नसते, म्हणून पाहिल्यावर ती घेण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार त्याला आहे. त्यांचे शिष्य इमाम अबू यूसुफ (रह.) यांनी दुसरी बाजू मांडली. वस्तू ठरलेल्या वर्णनाप्रमाणे असेल तर ग्राहकाला माघार घेता येऊ नये, कारण कारागिराने आपले साहित्य त्या एका ग्राहकासाठी कापून खर्ची घातलेले असते आणि दुसरा कोणी ती वस्तू त्याच किमतीला घेईलच असे नाही. उस्मानी राजवटीत 1869 ते 1876 या काळात तयार झालेल्या ‘मजल्ला’ या कायदेसंग्रहाने अबू यूसुफ यांचे मत स्वीकारले. 1992 साली जेद्दाह येथील अधिवेशनात आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीनेही अटी पूर्ण असल्यास इस्तिस्नाचा करार दोन्ही पक्षांवर बंधनकारक ठरवला.

वर-वधूची नावे लिहिलेली तसबीर ज्याने कधी केली असेल, त्याला अबू यूसुफ यांचा युक्तिवाद शिकवावा लागत नाही. ती नावे असलेली तसबीर दुसऱ्या कोणाच्या घरी लागणार? तरीही मला अबू हनीफांचे मत टाकाऊ वाटत नाही. त्यामागे ग्राहकाविषयीची एक कणव आहे. छायाचित्रात पाहिलेला हिरवा आणि उन्हात पाहिलेला हिरवा एक नसतो आणि ग्राहकाला हे ठाऊक नसते. कारागिराला ठाऊक असते. दोन्ही इमामांच्या मतांमध्ये उभे राहून पाहिले तर कारागिराचे काम स्पष्ट होते. त्याने वर्णन इतके नेमके द्यावे की नंतर कोणालाही अधिकार बजावण्याची वेळ येऊ नये. कापडाचा तुकडा आधी पाठवावा. रंग थोडा गडद येईल हे आधी सांगावे. कोणते काम हाताचे, कोणते यंत्राचे, मुदत कोणती, हे चार ओळींत लिहून द्यावे. कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे, हे आपण तकरीरीत ऐकतो. नातेवाइकाची मागणी आली की मात्र ‘घरातलाच माणूस, लिहायचे कशाला’ असे म्हणतो. माझा अनुभव असा की लिहून न घेतलेल्या मागण्यांपैकी सर्वाधिक कटू झाल्या त्या घरातल्या माणसांच्याच.

नक्षी उचलण्याविषयी येथेच थोडे सांगितले पाहिजे. प्रेषितांनी (स.) आपल्या अंगठीवर कोरलेली अक्षरे इतरांनी आपल्या अंगठीवर कोरू नयेत, असे सांगितले होते. ती अंगठी पत्रांवर मुद्रा उमटवण्यासाठी होती आणि मनाईचा हेतू त्या मुद्रेचा विश्वास राखण्याचा होता. म्हणून यावरून प्रत्येक वेलबुट्टीवर मालकी सांगणे योग्य होणार नाही. खजुराच्या पानाची किंवा अष्टकोनी ताऱ्याची नक्षी शतकानुशतके सर्वांची आहे. पण एखाद्या हयात कलाकाराची विशिष्ट रचना जशीच्या तशी उतरवून ‘आमची कल्पना’ म्हणून विकणे निराळे. 1988 साली कुवेत येथील अधिवेशनात फिकह अकादमीने व्यापारी नाव, लेखन आणि शोध यांवरील हक्क शरीअतच्या दृष्टीने संरक्षित मानले आहेत. ‘सगळेच करतात’ हे उत्तर त्या निर्णयापुढे टिकत नाही.

आता किमतीकडे वळू, कारण कापडाची उलटी बाजू सर्वांत खडबडीत आहे ती येथे. तांदळाला बाजारभाव असतो. हाताने भरलेल्या दुपट्ट्याला नसतो. प्रेषितांच्या (स.) काळात महागाई झाली तेव्हा लोकांनी भाव ठरवून देण्याची विनंती केली आणि त्यांनी ती मान्य केली नाही, हे हदीसीत आले आहे. म्हणजे विक्रेत्याला किंमत सांगण्याची मोकळीक आहे. पण ग्राहकाच्या अज्ञानाचा फायदा घेऊन अवाजवी किंमत लावणे फुकहांनी ‘गब्ने फाहिश’ म्हणून दोषास्पद ठरवले आहे. मोकळीक आणि फसवणूक यांच्यामधली रेषा कोठे आहे?

इमाम अबू हनीफा (रह.) स्वतः कूफा शहरातील कापडाचे व्यापारी होते, म्हणून त्यांचे आचरण येथे विशेष बोलके आहे. चरित्रकार सांगतात की एक स्त्री रेशमी वस्त्र विकण्यासाठी त्यांच्याकडे आली आणि तिने शंभर मागितले. ते म्हणाले, याची किंमत अधिक आहे. ती शंभरा-शंभराने वाढवत चारशेपर्यंत गेली, तरी त्यांचे उत्तर तेच. तिला वाटले, हे आपली थट्टा करत आहेत. तेव्हा त्यांनी जाणकाराकडून किंमत करवून ते वस्त्र पाचशेला घेतले. या कथेत अबू हनीफा ग्राहक आहेत, हे मुद्दाम ध्यानात घ्यावे. अज्ञान यावेळी विक्रेत्या बाईकडे होते आणि ज्ञान घेणाऱ्याकडे. अमानत ज्ञानाच्या मागोमाग जाते. ती ज्याच्याकडे ज्ञान त्याच्याकडे राहते, मग तो दुकानाच्या कोणत्याही बाजूस उभा असो.

आणि आपल्या घरांतील चित्र नेमके या उलट असते. ज्या बाया दुपारी घरातील कामे उरकून भरतकाम करतात, त्यांना आपल्या श्रमाची किंमत मांडता येत नाही. धाग्याचे पैसे धरतात, दिवसांचे धरत नाहीत. त्यांच्याकडून माल घेणारा ते पुरेपूर जाणतो आणि गप्प राहतो. पुढे तोच माल दुकानात आपल्या नावाच्या चिठ्ठीसह लावतो. ‘हे तुम्हीच केले का?’ असे ग्राहकाने विचारले की तो मान डोलावतो. उम्मुल मोमिनीन हजरत जैनब बिन्ते जहश (रजि.) कातडे कमावत, शिवत आणि त्या कमाईतून दान करत. हाताने काम करणाऱ्या स्त्रीचा आपल्या परंपरेत एवढा मान आहे. मग तिचे नाव वस्तूच्या मागच्या बाजूसही का येऊ नये? मजुराकडून पूर्ण काम घेऊन त्याची मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी अल्लाह स्वतः प्रतिवादी असेल, अशी हदीस बुखारीत आहे. तुकड्यावर काम करणाऱ्या बाईला ‘माल विकला की देतो’ असे सांगून तीन महिने थांबवणारे किती आहेत, हे प्रत्येक मोहल्ल्याला ठाऊक आहे. त्यांतील काहीजण नमाजच्या पहिल्या सफेत असतात.

यापुढचा प्रश्न टाळता येण्याजोगा नाही. सगळे सांगितले, योग्य किंमत लावली, कारागिराला वेळेवर मजुरी दिली आणि धंदा चालला नाही तर? हिमरूचे हातमाग कमी होत गेले, याचे एक कारण यंत्रमागाची स्वस्त नक्कल हेच आहे. सरकारने 1985 साली काही वस्त्रप्रकार हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा केला आणि 2006 साली हातमागाच्या खरेपणाची खूण म्हणून ‘हँडलूम मार्क’ सुरू केला. अशी खूण लावावी लागते, यातूनच बाजारातील विश्वासाची स्थिती कळते. प्रामाणिक विणकराचा माल महाग, त्याची कबुली स्पष्ट आणि त्याचे दुकान रिकामे, असे दृश्य काल्पनिक नाही.

यावर आपल्याकडे ठरलेले उत्तर मिळते: ‘प्रामाणिक राहा, धंदा वाढेल.’ मला हे उत्तर अपुरे वाटते, किंचित धोकादायकही वाटते. विक्रेता आणि ग्राहक खरे बोलले व दोष उघड केले तर त्यांच्या व्यवहारात बरकत होते आणि खोटे बोलले, लपवले तर ती नष्ट होते, असे हदीसीत निश्चित आले आहे. पण बरकत म्हणजे विक्रीचा आकडा, असे त्यात म्हटलेले नाही. बरकत पैशांत असू शकते. पुरून उरण्यात असू शकते. मुलांनी आपल्या बापाचा धंदा कोणासमोरही सांगू शकण्यात असू शकते. सचोटी ही नफ्याची युक्ती आहे असे जो शिकवतो, तो नकळत हेही शिकवतो की नफा थांबला की सचोटीचे कारणही संपले. मग पहिल्याच मंदीत यंत्राचा टाका हाताचा म्हणून विकला जातो. रिज्क अल्लाहच्या हाती आहे, या श्रद्धेची परीक्षा भरल्या दुकानात होत नाही.

याचा अर्थ हातमाग कुरवाळत उपाशी राहावे असा नाही. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) मदीनेत आले तेव्हा त्यांच्या अन्सारी बंधूने आपली अर्धी मालमत्ता देऊ केली. त्यांनी दुआ देऊन बाजाराचा रस्ता विचारला आणि पनीर-तुपाच्या व्यापारापासून सुरुवात केली. जे खपते ते विकण्यात कमीपणा नाही. आमच्याकडे आता दोन प्रकारच्या तसबिरी ठेवतो, कलमाने लिहिलेल्या आणि छापलेल्या. छापलेलीच्या मागे ‘छापील’ असे लिहिलेले असते. बहुतेक लोक मागे वळवून ते वाचतात आणि छापीलच घेऊन जातात, कारण त्यांना ती परवडते आणि भिंतीवर आयत हवी असते. त्यात दुःख मानण्यासारखे काही नाही. हिमरू घेणारे लोकही किनखाब परवडत नाही म्हणूनच हिमरू घेत होते, आणि आपण काय घेत आहोत हे त्यांना ठाऊक होते.

अबू हनीफांच्या (रह.) आणखी एका व्यवहाराची नोंद चरित्रकारांनी केली आहे. त्यांनी आपल्या भागीदाराकडे माल पाठवला आणि कळवले की यातील एका वस्त्रात दोष आहे, विकताना तो दाखवावा. भागीदाराने माल विकला, पण दोष सांगायला तो विसरला, आणि ते वस्त्र कोणी नेले हेही त्याच्या लक्षात राहिले नाही. इमामांना हे समजले तेव्हा त्यांनी त्या सर्व मालाची आलेली रक्कम दान केली. ग्राहकाचा शोध लागण्यासारखा नव्हता. ते वस्त्र त्याने वापरले असेल, फाटेपर्यंत वापरले असेल आणि त्यातला दोष कदाचित कधी त्याच्या नजरेसही आला नसेल.